पाण्याचा बॅच नंबर

बाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या केसांच्या तेलावरून. मी त्या दिवशी डेअरीत डिस्पॅचला रुजू होत होतो. निघताना आईनं कौतुकानं डोक्याला चमेलीचं तेल चोपडलं होतं. लॅबच्या दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच आतून आवाज आला, "राव, तुम्ही बाहेरच थांबा. तुमचं डोकं आत नको." मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. राव म्हणजे मीच होतो.

बाई सगळ्यांनाच राव म्हणायच्या. शिपाई राव, टँकरचा ड्रायव्हर राव, बँकेचे साहेबही राव. आमच्याकडं पुरुष एकमेकांना असं म्हणतात, बायका म्हणत नाहीत. पण ही रीत बाईंना कुणी सांगितली नसावी, किंवा सांगणाऱ्याला त्यांनी लॅबबाहेर उभं केलं असावं. आम्ही त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचो आणि माघारी बाई. दूध घालायला येणारी माणसं मात्र उघडउघड 'नाकवाल्या बाई' म्हणायची.

आमची डेअरी घोडेगावहून शिनोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका ओढ्याच्या काठी होती. मालक इथल्याच जुन्या शेतकरी घराण्यातले. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. त्यांनी डेअरी काढली तेव्हा तपासणीसाठी शिकलेलं माणूस हवं होतं, म्हणून बाईंना आणलं. बाई आणे गावच्या. जुन्नरच्या पूर्वेकडच्या त्या कोरड्या पठारावरून उठून त्या दुधाचं शास्त्र शिकल्या होत्या आणि क्वालिटीच्या प्रमुख म्हणून त्या इथं बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे उभ्या होत्या. त्यांना खुर्चीत बसलेलं मी क्वचितच पाहिलं.

दूध डेअरीत आलं की पहिली परीक्षा मशीनवर होत नाही. कॅनचं झाकण उचलायचं आणि तत्क्षणी नाक लावायचं, कारण झाकणाखाली कोंडलेला वास फार वेळ थांबत नाही. दुसरीकडं हे काम हाताखालच्या माणसाकडं असतं. आमच्याकडं बाई पहाटे डॉकवर, म्हणजे कॅन उतरवायच्या ओट्यावर, उभ्या राहून ते स्वतः करायच्या. झाकण उचललं, वाकल्या, सरळ झाल्या, "घ्या." झाकण उचललं, वाकल्या, "परत." गाईनं कांद्याची पात खाल्ली असेल तर परत. तळेघरहून एसटीच्या टपावरून येणाऱ्या कॅनला चुलीच्या धुराचा वास लागला तर परत. तिकडचे लोक गयावया करायचे, की मॅडम, डोंगरात पावसाचं घरातच कॅन ठेवावा लागतो, चूलही घरातच. बाई म्हणायच्या, "मग कॅनला चुलीपासून लांब झोपवा, राव." पुढच्या आठवड्यात कॅन बिनधुराचा यायचा.

या नाकासाठी त्यांनी संसार सोडल्यासारखं बरंच काही सोडलं होतं. दुपारपर्यंत कच्चा कांदा नाही, लसूण नाही, पावडर नाही, गजरा नाही. स्वतः सोडलं तर सोडलं, लॅबमधल्या सगळ्यांना सोडायला लावलं. लॅबमधलं कुणी लग्नाला जाऊन अत्तर लावून आलं की दुसऱ्या दिवशी सरळ रजा टाकायचं. खंडेनवमीला सगळ्या खात्यांत मशीनची पूजा व्हायची, नारळ फुटायचे, उदबत्तीचा धूर व्हायचा. लॅबमध्ये पूजा व्हायची, पण उदबत्ती नाही. एकदा पुजारीबुवांनी हट्ट धरला तेव्हा बाई म्हणाल्या, "देवाला वास चालतो बुवा, दुधाला चालत नाही. देव समजून घेईल." बुवांनी बिनधुराची आरती केली.

माझं लग्न झाल्यावर तर माझा डबा हा त्यांच्या करमणुकीचा विषय झाला. बंद डब्यावरून जाता जाता म्हणायच्या, "राव, वहिनी रागावल्यात. वांगं करपलंय." डबा उघडावा तर वांगं करपलेलं असायचं. मी घरी जाऊन हे सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात बाईंचं नाव काढायची बंदी झाली.

आता त्या नंबराची गोष्ट.

डेअरीत रोज जे दूध येतं त्याचा एक लॉट धरतात, त्याला एक बॅच नंबर देतात. त्या दुधाचं जे काही होईल, पिशवी, पनीर, श्रीखंड, त्यावर तो नंबर पडतो. बाईंकडं तीन शिक्के होते: पास, फेल आणि रोखला. त्यांचा शिक्का आणि खाली सही पडल्याशिवाय माझी एकही गाडी गेटबाहेर जात नसे. इथवर ठीक होतं, सगळीकडंच असं असतं. पण आमच्या लॅबच्या खिडकीत रोज एक बाटली उभी असायची. तिच्यात कंपनीतून ओढ्यात जाणारं पाणी असायचं, आणि त्या बाटलीवरही त्या दिवसाच्या दुधाचाच बॅच नंबर असायचा. श्रीखंड जसं तपासायच्या तसंच बाई ते पाणी तपासायच्या, आणि त्यावर शिक्का मारायच्या.

नवा माणूस हसायचा. सांडपाण्याला नंबर! बाई त्याला ऐकवायच्या, "हे बघा राव, श्रीखंड गिऱ्हाईक विकत घेतं. आवडलं नाही तर डबा परत करतं, चार शिव्या देतं. हे पाणी खालची वाडी घेते. तिनं मागवलेलं नाही, आणि तिला परत करायची सोय नाही. मग जास्त नीट कुठलं तपासायचं?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात मुळात आलं ते सोनाबाईंमुळं.

सोनाबाई खालच्या वाडीच्या. आमचा ओढा डेअरीवरून वाहत त्यांच्या वाडीला जातो आणि पुढं घोड नदीला मिळतो. त्यांच्या दोन गाई होत्या आणि दूध उत्तम असायचं. त्या उन्हाळ्यात ओढा बारीक झाला होता. आमच्याकडं पाणी शुद्ध करायची ईटीपी तेव्हाही होती. म्हणजे टाक्या होत्या, टाक्यांना निळा रंग होता, पुढं फुलझाडंही होती. टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर मात्र तपासायला कुणी येणार असलं तरच चालू व्हायचा, कारण विजेचं बिल शेठच्या डोळ्यांत खुपायचं. ब्लोअर बंद म्हणजे टाकीत काहीच होत नसे. कॅन धुतलेलं, पनीरचं, चक्क्याचं असं सगळं पाणी आल्या वाटेनं ओढ्यात जायचं आणि तिथं सडायचं.

एका सकाळी बाईंनी सोनाबाईंच्या कॅनचं झाकण उचललं, वाकल्या आणि म्हणाल्या, "परत."

सोनाबाई जागच्या हलल्या नाहीत. "का म्हून परत?"

"वास आहे. आंबूस, नासका. कॅन नीट धुतलेला नाही."

"धुतला की. रोज धुती. कुठं धुती त्ये इचारा."

"कुठं?"

"वढ्याला. आनी वढ्यात काय येतं? तुमच्या पायपातनं येतं त्येच. पैल्यांदा पानी चांगलं व्हतं, तवा तुमी कदी माझा कॅन माघारी दिला न्हाई. बाई, ह्यो वास तुमचाच हाय. तुमचाच वास तुमी मला माघारी देताय."

रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या, म्हणजे आता काहीतरी होणार आणि ते आपल्याला बघायला मिळणार. बाईंनी झाकण परत लावलं. पुन्हा उचललं, पुन्हा वास घेतला, या खेपेला जरा जास्त वेळ. मग म्हणाल्या, "खरंय."

त्या तशाच, पांढऱ्या कोटात, सोनाबाईंबरोबर ओढ्याकाठानं चालत खालच्या वाडीला गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा कोटाची किनार चिखलानं काळी झाली होती आणि तोंड त्याहून काळवंडलं होतं. तडक ईटीपीवर गेल्या आणि स्वतःच्या हातानं ब्लोअरचं बटण दाबलं. मला म्हणाल्या, "त्या कॅनचं दूध फेलच आहे. पण फेल आपण केलंय. त्यांच्या खाती पास लिहा." दुसऱ्या दिवशी खिडकीत बाटली उभी राहिली.

शेठ तणतणत आले. "मॅडम, ब्लोअर दिवसभर चालवायचा म्हंजे बिल कोन भरनार?"

"बिल तुम्ही भरणार. पण वास कोण घेणार, शेठ?"

शेठ त्या दिवशी पाय आपटत गेले आणि दोन दिवसांनी विरघळले. ते बाईंच्या बोलण्यानं विरघळले असं मी म्हणणार नाही. खालची वाडी दूध पलीकडच्या डेअरीला घालायच्या बेतात आहे, ही कुणकुण त्यांना लागली होती. त्या वाडीचं दूध गेलं असतं तर आमचं श्रीखंड गेलं असतं. कंपनी शहाणी कशानं होते यावर पुढं मी हॉटेलांत बसून पुष्कळ भाषणं ऐकली, पडद्यावर रंगीत चित्रं पाहिली. पण कंपनी शहाणी होताना मी पहिल्यांदा पाहिली ती अशी, दूध तुटायच्या भीतीनं.

ब्लोअर सुरू झाला आणि वर्षभरात ओढा बऱ्यापैकी निवळला. बाई टाकीतल्या जंतूंना जनावरं म्हणायच्या. हवा मिळाली की ही जनावरं पाण्यातला दुधाचा अंश खाऊन टाकतात आणि पाणी साफ करतात. बाई गोठ्यात डोकवावं तसं टाकीत डोकवायच्या आणि ऑपरेटरला विचारायच्या, "जनावरं खातायत ना? फार घालू नका हं, एकदम वैरण टाकली तर पोट फुगून मरतील."

आणि एका दसऱ्याला ती मेली.

दसरा म्हणजे श्रीखंडाचा सण, आणि श्रीखंड म्हणजे चक्का. दही बांधून त्यातलं पाणी काढलं की चक्का उरतो, आणि ते निथळलेलं आंबट पाणी टाकीतल्या जनावरांना फार जड जातं. बाईंनी आधीच बजावलं होतं, की इतका चक्का घालू नका, टाकीला झेपणार नाही. शेठनी मुंबईची ऑर्डर नेहमीच्या दुप्पट घेतली. सणाच्या दोन दिवस आधी सकाळी ऑपरेटर धावत आला. टाकीवर करडा फेस आला होता आणि पाणी घाण मारत होतं.

शेठचा निरोप आला, की बायपास उघडा. म्हणजे टाकी सोडून सगळं पाणी सरळ ओढ्यात. दोनच दिवस.

माझ्या तीन थंड गाड्या श्रीखंडाचे डबे भरून उभ्या होत्या. इंजिनं चालू होती. मी कागद घेऊन लॅबमध्ये गेलो, तर बाईंनी त्यावर शिक्का मारला: रोखला.

"मॅडम, श्रीखंडात काय खोट निघाली?"

"काही नाही. उत्तम झालंय."

"मग?"

"राव, एका दुधाचे दोन भाग झाले. एकाचं श्रीखंड, एकाचं पाणी. दोन्हींचा नंबर एकच. श्रीखंड पास आहे, पाणी फेल आहे. मग तुम्हीच सांगा, लॉट पास कसा?"

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. सणाचा माल होता. दसरा उलटल्यावर मुंबईत तो कुणी विचारला नसता. एवढं दूध, एवढी साखर, एवढ्या माणसांची मेहनत वाया, आणि ती का तर एका बाटलीवरच्या नंबरापायी. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढू लागले. बाईंनी खिडकीतून त्यांना विडी लांब न्यायला सांगितलं. मंचरहून शेठची जीप आली ती धुरळा उडवतच.

"मॅडम, शिक्का मारा."

"मारलाय की. रोखला."

"चेष्टा नगं. माझी लई वर्षांची पार्टी हाय मुंबईची. आज गाड्या गेल्या न्हाईत तर ती मला पुन्हा दारात उभी करनार न्हाई."

बाई चिडल्या की त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची आणि आण्याचं पठार बाहेर यायचं. तसंच झालं. "शेठ, आमच्या आन्याला बाया हंडाभर पान्यासाठी दिसभर उन्हात फिरत्यात. तुमच्या दारात वाहता वढा हाये, आन् तुमी त्यात नासकं सोडनार? सनाच्या तोंडावर? खालच्या वाडीला काय दसरा न्हाई?"

शेठचा आवाज चढला. "उद्यापास्नं कामाला येऊ नका."

"उद्याचं उद्या. आज मी कामावर हाये, आन् आजचा शिक्का माझ्याकडं हाये."

शेठ ओरडले, "मंग करायचं तरी काय ते सांगा! पानी काय मी पिऊ?"

मला वाटतं, बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. त्या एकदम शांत झाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "राव, दूध घेऊन येणाऱ्या जीपा परत जाताना काय नेतात?"

"रिकामे कॅन."

"आणि बाकीच्या जागेत?"

बाकीच्या जागेत काही नसायचं. आमच्या गोदामात आमरखंडासाठी आलेल्या आंब्याच्या गराचे निळे ड्रम रिकामे पडून होते. चक्क्याचं ताजं पाणी गुरांच्या आंबोणात कालवता येतं. आमच्याकडं घरोघरी ताकाची निवळ गुरांनाच घालतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त ते आणि कंपनी यांची गाठ कधी पडली नव्हती. ड्रम धुवून भरायला घेतले. कॅन आणि पाइप धुतलेलं पाणी, जनावरं पुन्हा तयार होईपर्यंत, आवारातल्या मोठ्या रिकाम्या टाकीत कोंडायचं ठरलं. बायपासच्या चाकाला बाईंनी आपली ओढणी बांधून टाकली.

गेटवर जीपांबरोबर गावोगावची माणसं होती. ड्रम बघून कुरकुर सुरू झाली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "वढ्यात जमंना म्हनून आता गोठ्यात व्हय? कंपनीची घान आमच्या गुरांला?" चारपाच जण मागं सरले. शेठ कपाळाला हात लावून पायरीवर बसले. बाईंनी गर्दीतून सोनाबाईंना पुढं बोलावलं. आता खालच्या वाडीचं सगळं दूध गोळा करायचं काम त्यांच्याकडंच होतं.

"सोनाबाई, तुम्ही तपासा. तुम्ही परत म्हणाल ते परत."

सोनाबाई पदर खोचून पुढं आल्या. इतकी वर्षं त्या रांगेत उभ्या राहून बाईंना पाहत होत्या. त्यांनी पहिल्या ड्रमचं झाकण अगदी बाईंसारखं एका हातानं उचललं, वाकल्या, आणि सरळ झाल्या. "परत. ह्यो शिळा हाय, रातचा."

बाईंनी त्या ड्रमवर फेलचा शिक्का मारला.

दुसरा ड्रम. सोनाबाईंनी झाकण उचललं. सगळं आवार त्यांच्या नाकाकडं बघत होतं. तीन गाड्यांची इंजिनं चालू होती, शेठ पायरीवरून उठून उभे राहिले होते. सोनाबाईंनी वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि सावकाश म्हणाल्या, "ह्यो ताजा हाय. आंबोनात चालंल. पर येका गाईला येकच बादली. जास्ती घातली तर पोट बिघडंल. आनी आमचे डरम रोज आमी हुंगनार."

"हुंगा," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि त्यावर पासचा शिक्का मारला.

गाड्या दुपारी सुटल्या. दुसऱ्या दिवशी जीपा येताना दुधाबरोबर शेणाच्या पाट्या घेऊन आल्या, कारण मेलेली टाकी पुन्हा जिवंत करायला शेण लागतं, आणि ते खालच्या वाडीनं पाठवलं होतं. बाई नेहमीच्या वेळेला डॉकवर हजर होत्या. उद्यापासून येऊ नका म्हणणारे शेठ समोरून आले, थांबले आणि म्हणाले, "मॅडम, चहा झाला का?" माफी मागायची शेठची पद्धत तेवढीच होती.

पुढच्या काही वर्षांत ही कल्पना शेठची झाली. ते पाहुण्यांना निळे ड्रम दाखवायचे, सोनाबाईंबरोबर फोटो काढून घ्यायचे. गेटवर पर्यावरणाची पाटी लागली. मुंबईच्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं येऊन बाटलीवरचा नंबर बघून खूश झाली आणि ऑर्डर वाढली. मला फार चीड यायची. एकदा बाईंना म्हणालो, "श्रेय तुमचं आणि हार शेठच्या गळ्यात." त्या बाटली उजेडात धरून बघत होत्या. म्हणाल्या, "राव, कुणी भीतीनं करू दे, कुणी हावेनं करू दे, कुणी फोटोसाठी करू दे. ओढ्याला कारण कळत नाही. त्याला पाणी कळतं." मग मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी तंबाखू खाल्ली होती.

शेठ थकले आणि त्यांनी डेअरी एका मोठ्या कंपनीला विकली. नव्या कंपनीत पर्यावरणाचं वेगळं खातं होतं, भिंतीवर झाडांची चित्रं होती. पाण्याच्या बाटलीवरचा बाईंचा नंबर त्यांनी चालू ठेवला. त्याच पावसाळ्यात बाईंना मोठा ताप आला. तापातून उठून त्या डॉकवर आल्या, झाकण उचललं, वाकल्या, आणि लवकर वर आल्याच नाहीत. दुसरं झाकण उचललं. तिसरं. रांग थांबली. मग त्यांनी झाकण हळूच खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझं नाक गेलं. मला काही येत नाही." खिशातून शिक्का काढला आणि आपल्याच कोटाच्या पांढऱ्या बाहीवर मारला: रोखला. कुणाला हसावं कळेना, कुणाला रडावं कळेना. सोनाबाई मात्र रांगेत उभ्या उभ्या ढसाढसा रडल्या.

कंपनी म्हणाली, काही बिघडत नाही, आता मशीन आहेत, निवृत्तीला उरलेलं वर्ष पुरं करा. बाईंनी केलं. त्या वर्षात त्यांनी दोनदा लॉट रोखला. नाक नसताना कसं कळलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कळायला काय, खालच्या वाडीला विचारलं." मग त्या आण्याला गेल्या.

मी एकदा त्यांना भेटायला गेलो. त्यांनी चहाला आधण ठेवलं आणि दुधाचं पातेलं माझ्यापुढं धरलं. "राव, बघा बरं, चांगलं आहे का. मला आता काही कळत नाही." मी नाक लावलं, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "पास." दूध चहात पडलं आणि फाटलं. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी वर्षं दुधात काढून मला फाटायला आलेलं दूध ओळखता आलं नव्हतं. कोरा चहा पिताना त्यांनी विचारलं, "आणि पाणी?"

"पास आहे."

"कुणी सांगितलं?"

"सोनाबाईंनी."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पठाराकडं बघत बसल्या. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं. त्या नसताना काय होणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि त्यांनी ते विचारलं नाही.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला, सणाच्या दोन दिवस आधी, ब्लोअरची मोटर जळाली. गाड्या भरून तयार होत्या. नव्या क्वालिटीवाल्यानं श्रीखंड पास केलं होतं आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं, श्रीखंड उत्तम होतं. सणाची घाई म्हणून ड्रम भरायचं त्या दिवशी कुणी बघितलंच नव्हतं. नवा मॅनेजर पुण्याचा, पोरगेलासा, बोलायला गोड. तो म्हणाला, "सर, उद्या नवी मोटर येतेय. एकाच दिवसाचा प्रश्न आहे, बायपास उघडू." मी त्याच्याकडं पाहिलं आणि गाड्यांच्या चाव्या खुंटीवरून काढून खिशात टाकल्या.

"लॉट रोखलाय."

"का? प्रॉडक्टमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

"काही नाही. उत्तम झालंय."

"मग रोखला कुणी?"

"मी."

तो गोंधळला. माझा क्वालिटीशी काही संबंध नाही, हे त्यानं मला नीट समजावून सांगितलं, आणि ते खरंच होतं. वरून फोन येतील असंही सांगितलं. तेही खरं होतं. मी म्हटलं, "फोन येऊ द्या. आधी निळे ड्रम बाहेर काढा, धुण्याचं पाणी मोठ्या टाकीत कोंडा, आणि खालच्या वाडीला निरोप धाडा." तो बाहेर जाऊन टाक्यांपाशी उभा राहिला, नाक वर करून त्यानं हवा हुंगली आणि परत आला.

"मला तर कसलाच वास येत नाही."

"मलाही येत नाही," मी म्हणालो. "पण थांबवायला नाक लागत नाही, राव."

चाव्या खिशात घट्ट धरून मी गेटपाशी जाऊन उभा राहिलो. खालच्या वाडीच्या रस्त्यानं जीप येत होती, आणि पुढच्या सीटवर सोनाबाई पदर खोचून बसल्या होत्या.